एरॉन्का सी-२ आणि मंडळी: दोन महायुद्धांमधली अमेरिकेची विसरलेली चिमुकली विमानं

दुपारचा_चहा

बाबांचा नियम असा की रात्रीचं विमान असलं तरी सकाळीच बॅगा बांधून दारात उभं राहायचं. परतीचं विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून होतं आणि हातात सहा तास मोकळे होते. विमानतळाला लागूनच स्मिथसोनियनचं उडवार-हाझी सेंटर हे विमानांचं संग्रहालय आहे, तिथे घेऊन गेलो. डिस्कव्हरी यान, ब्लॅकबर्ड, कॉन्कॉर्ड सगळं दाखवलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी या सगळ्याकडे "हं, मोठं आहे" एवढ्या नजरेने पाहिलं आणि वर टांगलेल्या एका नारिंगी-पिवळ्या चिमुकल्या विमानाखाली येऊन थांबले. पाच मिनिटं मान वर. मग म्हणाले, "याला ब्रेक दिसत नाहीत रे."

ते विमान म्हणजे एरॉन्का सी-२. घरी आल्यावर त्याच्या मागे लागलो, म्हणून हा धागा.

हे डिझाइन जाँ रोशे या इंजिनिअरचं. हा माणूस ओहायोतल्या डेटनला अमेरिकन लष्कराच्या विमान विभागात नोकरीला होता. नोकरी सांभाळून फावल्या वेळात त्याने स्वतःसाठी एक हलकं विमान बनवलं आणि १९२५ मध्ये ते उडालं. पुढे १९२८ च्या शेवटी सिनसिनाटीत 'एरॉनॉटिकल कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' ही कंपनी निघाली, तिचंच लघुरूप एरॉन्का. कंपनीकडे भांडवल होतं, विमान नव्हतं. रोशेकडे विमान होतं, भांडवल नव्हतं. जमलं.

सी-२ पहिल्यांदा उडालं २० ऑक्टोबर १९२९ ला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला! मुहूर्त कोणी काढला होता देव जाणे.

आता खरी गंमत. रिकाम्या विमानाचं वजन साधारण १८० किलो, आजची साडेतीनशेची बुलेट याहून जड भरते. पंखांची लांबी मात्र ३६ फूट. इंजिन दोन सिलिंडरचं, एकमेकांसमोर आडवे, आणि ताकद २६ हॉर्सपॉवर. खुर्ची नाहीच, प्लायवूडची उघडी फळी. समोर पाच डायल. अंग पोलादी नळ्यांच्या त्रिकोणी सांगाड्याचं, वर कापड ताणलेलं. शेपटीकडे पाठ धारदार होत जाते आणि पुढे पोट फुगलेलं, त्यामुळे लोक याला 'उडता टब' म्हणायचे. चाकं थेट पोटाला चिकटलेली, त्यामुळे वैमानिकाची बैठक जमिनीपासून हातभर वर. पंख तारांनी वरून-खालून ताणून धरलेले, वाळत घातलेल्या पापडांच्या मच्छरदाणीसारखे.

किंमत १४९५ डॉलर. ब्रेक आणि हीटर हवे असतील तर वेगळे पैसे.

हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ब्रेक ऑप्शनल?"

मंदीच्या त्या वर्षांतही ही विमानं खपली, कारण बाकीची याच्या दुप्पट-तिप्पट दराची होती. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका हवाई जत्रेत तर धावत्या ऑस्टिन मोटारीतून पेट्रोलचा डबा वर धरला आणि सी-२ च्या वैमानिकाने तो चालायच्या काठीने अडकवून उचलला. चालत्या मोटारीतून विमानात पेट्रोल भरायची ही पहिली वेळ.

१९३१ मध्ये याचाच भाऊ सी-३ आला: दोन माणसं शेजारी-शेजारी, इंजिन ३६ हॉर्सपॉवरचं. १९३७ मध्ये तो बंद झाला, कारण सरकारी नियम कडक झाले आणि तारांनी ताणलेले पंख, एकेरी इग्निशन (ठिणगीची एकच व्यवस्था) हे त्यात बसेना. त्याच जानेवारीत ओहायो नदीला महापूर आला आणि लंकन विमानतळावरचा त्यांचा कारखाना पाण्याखाली गेला. सिनसिनाटीचे लोक त्या विमानतळाला 'संकन लंकन' म्हणतात, म्हणजे बुडालेलं लंकन.

अशी अजून कोणती विमानं कुणाला माहीत असतील तर लिहा. पायपर कब नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खारी_बिस्किट

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). बाबांचे प्रश्न अजून येऊ द्या.

निगडी_ते_चाकण

भारी. एक बाळबोध शंका. आमच्या चाकणला बनणारी, चारशे सीसीच्या आतली केटीएम ३९० चाळीसच्या वर हॉर्सपॉवर देते. हे सी-२ चं इंजिन पावणेदोन लिटरचं धूड आणि फक्त २६? त्या काळात मोटरसायकली नव्हत्या का? त्यांचं इंजिन लावून मोकळं व्हायचं ना.

गिअरची_कुरकुर

शंका बाळबोध नाही, या सगळ्या विमानांची गोष्टच त्या प्रश्नाची आहे.

तुमची केटीएम चाळीस हॉर्सपॉवर देते ती मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांना. आता सहा फुटांचा लाकडी पंखा तेवढ्या वेगाने फिरवा. त्याचं टोक एका फेरीत साडेपाच मीटरच्या वर अंतर कापतं. गुणाकार केला तर सेकंदाला आठशे मीटरच्या वर, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगापेक्षाही जास्त. असा पंखा आरडाओरडा करेल, हवा ढकलणार नाही. पंख्याला दोन-अडीच हजार फेऱ्याच मानवतात. म्हणजे एकतर मध्ये गिअर घाला (वजन, खर्च, बिघाड), नाहीतर सावकाश फिरणारं मोठं इंजिन घ्या. एरॉन्काने दुसरी वाट धरली.

दुसरं असं की मोटरसायकल आपण पूर्ण पिळतो ती ओव्हरटेकपुरती. विमानाचं इंजिन उडताना पूर्ण ताकदीने आणि पुढेही तासन्‌तास पाऊण ताकदीने चालतं. ते तापत राहतं.

आणि हो, मोटरसायकलचं इंजिन लावलं होतं! शिकागोच्या एड हीथने. त्याचं हीथ पॅरासोल हे एका माणसाचं विमान, पंख डोक्यावर छत्रीसारखा. १९२६ चा पहिला नमुना त्याने जुन्या थॉमस-मोर्स लढाऊ विमानाचे खालचे पंख वापरून बनवला आणि इंजिन हेंडरसन मोटरसायकलचं, चार सिलिंडर, सुमारे तेराशे सीसी, सावकाश फिरणारं. पुढे तो सुट्या भागांचा संच विकायला लागला. इंजिन सोडून १९९ डॉलर! घरी बसून लाकूड कापा, चिकटवा, कापड ताणा. १९३१ मध्ये नव्या विमानाची चाचणी घेताना हीथ गेला.

पंख, कापड, नळ्या यांत पैसे फारसे जात नव्हते. पैसे इंजिनात जायचे. त्या काळातल्या प्रत्येक चिमुकल्या विमानाकडे बघताना आधी विचारायचं, याने इंजिनाचं काय केलं?

व्हीयू_टू_बाल्कनी

थांबा थांबा. हीथ म्हणजे हीथकिट वाला हीथ, ते घरी जोडायचे रेडिओचे संच???

गिअरची_कुरकुर

तोच. हीथच्या मागे कंपनी डबघाईला आली आणि १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने विकत घेतली. महायुद्ध संपल्यावर त्याने लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात उचलले आणि १९४७ मध्ये घरी जोडायचा ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) ३९ डॉलर ५० सेंटना बाजारात आणला. विमानाच्या संचाची कल्पना, फक्त आत नळ्यांऐवजी व्हॉल्व्ह.

व्हीयू_टू_बाल्कनी

चाळीस वर्षं हॅम रेडिओ करतोय. माझा पहिला ट्रान्समीटर एका दिवंगत ज्येष्ठ हॅमच्या घरून आणलेला जुना हीथकिट होता. आणि हे नाव एका छत्रीवाल्या विमानावरून आलंय हे मला या वयात, चहा पिताना कळावं. धन्यवाद.

सत्यमेव

हे सगळं ठीक आहे, पण शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच गिरगाव चौपाटीवर

दुपारचा_चहा

सत्यमेव, तळपद्यांनी विमान उडवल्याच्या दाव्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९७४ मध्ये 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ तपासून काय लिहिलं तेही तिथेच सापडेल. इथे २६ हॉर्सपॉवरच्या खाली उतरायचं नाही.

कडुलिंब

मला यात रोमँटिक काही दिसत नाही. स्वस्त विमान म्हणजे स्वस्तात मरण. हेन्री फोर्डनेही हा खेळ केलाच होता, त्याचं काय झालं ते लिहा की.

दुपारचा_चहा

लिहितो, मुद्दा रास्त आहे.

१९२६ च्या जुलैमध्ये आपल्या ६३ व्या वाढदिवशी फोर्डने पत्रकारांसमोर 'फ्लिव्हर' नावाचं एका माणसाचं विमान आणलं. मॉडेल टी मोटारीचं टोपणनावही फ्लिव्हरच, म्हणजे इरादा काय होता कळतो: आकाशातली मॉडेल टी. डिझाइन ऑटो कोपेन या पोरसवदा इंजिनिअरचं. हॅरी ब्रूक्स हा फोर्डचा वैमानिक त्यातून कामावर जायचा-यायचा. लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकानेही ते उडवून पाहिलं.

फेब्रुवारी १९२८ मध्ये ब्रूक्स डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नहून मायामीला एका दमात जायला निघाला. ९७२ मैलांवर, फ्लोरिडातल्या टायटसव्हिलला उतरावं लागलं. त्या वर्गातल्या विमानांसाठी तो विक्रम ठरला. २५ तारखेला पुन्हा निघाला आणि फ्लोरिडातल्याच मेलबर्नजवळ समुद्रावर इंजिन बंद पडलं. अवशेष किनाऱ्याला लागले. ब्रूक्स सापडला नाही.

चौकशीत कळलं की पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेची जी बारीक भोकं होती, ती लाकडी काड्यांनी बुजवलेली होती. रात्रीची दमट हवा आत जाऊ नये म्हणून दात कोरायच्या काड्या खोचलेल्या, आणि त्या काढायच्या राहिल्या. खाद्यतेलाच्या पंधरा लिटरच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. दुसरं भोक पाडलं नाही तर धार अडखळते आणि थांबते. टाकीत पेट्रोल होतं, ते खाली उतरायला तयार नव्हतं.

फ्लिव्हरचं काम तिथेच थांबलं. पहिला नमुना अजून डिअरबॉर्नच्या फोर्ड संग्रहालयात आहे.

कडुलिंब

काड्या. अवघड आहे.

दहा_हजार_तळी

मिनेसोटात राहते, त्यामुळे बर्नार्ड पीटनपोलवर आमचा हक्क. चेरी ग्रोव्ह नावाचं अगदी लहान गाव. हा माणूस स्वतःच शिकलेला मेकॅनिक, पुढे उपजीविका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर. वर गिअरची_कुरकुर यांनी विचारायला सांगितलेला प्रश्न त्याने अगदी सरळ सोडवला: गावातल्या कोणत्याही भंगारवाल्याकडे मिळेल ते इंजिन. म्हणजे फोर्ड मॉडेल ए मोटारीचं, चाळीस हॉर्सपॉवर, सव्वातीन लिटर. जड आहे, पाण्याने थंड होतं, पण सावकाश फिरतं आणि बिघडलं तर कुणीही लोहार दुरुस्त करतो. रेडिएटर थेट वैमानिकाच्या डोळ्यांसमोर उभा! पुढचं बघायला मान एका बाजूला काढायची.

त्याचं 'एअर कॅम्पर' १९२९ मध्ये या इंजिनावर उडालं. त्याच सुमारास 'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाच्या संपादकाने लिहिलं होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान उडवणं काही खरं नाही.  १९३० च्या एप्रिलमध्ये तशी दोन विमानं घेऊन पीटनपोल थेट मिनियापोलिसजवळ त्या संपादकाच्या दारातच जाऊन उतरला. संपादक वेस्टन फार्मरने चूक कबूल करून आराखडेच छापले. १९३२ च्या त्यांच्या अंकातले आराखडे घेऊन लोक आजही ते विमान बांधतात.

विस्कॉन्सिनमध्ये ब्रॉडहेडला दर जुलैत पीटनपोलवाल्यांचा मेळा भरतो, ऑशकॉशच्या मोठ्या हवाई जत्रेच्या आधी. मी दोनदा गेलेय. मोटारीचं इंजिन विमानात ऐकणं हा प्रकारच वेगळा. डोळे मिटले तर वाटतं, शेतातून जुना ट्रॅक्टर येतोय. उघडले तर तो ट्रॅक्टर डोक्यावरून जातोय. शेजारच्या आजोबांनी मला पंखाची एक फासळी हातात दिली, जवळपास पाच फूट लांब, कागदाच्या फायलीएवढं वजन. स्प्रूसच्या पट्ट्या आणि प्लायवूडचे बोटभर त्रिकोण, खिळेसुद्धा शिलाई मशीनच्या सुईएवढे.

निवृत्त_स्पॅनर

नमस्कार. एका फ्लाइंग क्लबात सव्वीस वर्षं मेकॅनिक होतो. मुलीने लिंक पाठवली. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही शेकली इंजिनाचा उल्लेख कसा केला नाही? मिशिगनमधल्या हॉलंड गावचं, तीन सिलिंडर, ४५ हॉर्सपॉवर. कर्टिस-राइट ज्युनियर आणि बूल बुल पप ही दोन विमानं त्याच्यावर उडायची. स्वस्त होतं. दोष एवढाच की सिलिंडर बुडाशी जिथे बसवलेला असतो तिथून सुटून उडून जायचा. उपाय काय केला माहीत आहे? तिन्ही सिलिंडरांच्या डोक्यांभोवती पोलादी दोरी गुंडाळून आवळली. सिलिंडर तुटला तरी जागेवरच लोंबकळत राहावा म्हणून. आम्ही याला जुगाड म्हटलं असतं, तिथे ते रीतसर बसवलेलं असायचं. आजही संग्रहालयात शेकली इंजिन दिसलं तर ती दोरी शोधा.

कर्टिस-राइट ज्युनियर १९३०-३१ चं. इंजिन वैमानिकाच्या मागे, पंखा मागे तोंड करून. पुढे काही अडथळा नाही, दृश्य सुंदर. पण टोपी, हातमोजा, नकाशा काहीही हातातून सुटलं की सरळ पंख्यात. किंमत १४९० डॉलर, अडीचशेच्या वर बनली.

बुल पप त्याहून छान, एका माणसाचं, अंग चक्क अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. चुकीच्या वर्षी जन्मलं, साधारण शंभरच बनली.

शेवटी इंजिनाचा हा प्रश्न सोडवला कॉन्टिनेंटल ए-४० ने. १९३१, चार सिलिंडर, ३७ हॉर्सपॉवर. सुरुवातीला त्याचेही क्रँकशाफ्ट मोडायचे, पण सुधारत गेलं.

निगडी_ते_चाकण

स्पॅनरकाका, तुमच्या क्लबात कोणतं विमान होतं?

निवृत्त_स्पॅनर

पुष्पक. आणि म्हणूनच लिहायला बसलो. धागाकर्त्यांनी एरॉन्काची गोष्ट १९३७ च्या पुरात सोडून दिली. ती पुढे आपल्याकडे येते.

पुरानंतर एरॉन्का १९४० मध्ये मिडलटाउनला गेली. तिथे त्यांचं 'चीफ' नावाचं विमान बनायचं, सी-३ सारखंच दोघं शेजारी-शेजारी, पण पंखाला तारांऐवजी दांडे. युद्धानंतरच्या चीफच्या धर्तीवर एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीने पुष्पक बनवलं. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. इंजिन कॉन्टिनेंटलचंच, ९० हॉर्सपॉवर, म्हणजे त्या ए-४० चं नातवंड. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. तेव्हा एचएएलच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल या हवागतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले.

पुष्पकला सेल्फ नव्हता. पंखा हाताने फिरवायचा. आधी स्विच बंद आहे का ते ओरडून विचारायचं, मग चार वेळा सावकाश फिरवून पेट्रोल ओढून घ्यायचं, मग "कॉन्टॅक्ट!" आतल्याने तेच परत म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. उजवा पाय किंचित उचलायचा, हात खाली ओढतानाच शरीर मागे गेलं पाहिजे. पुढे झुकला तो संपला. नवीन पोरांना मी आठ दिवस नुसतं स्विच बंद ठेवून हे करायला लावायचो.

आणि डोपचा, म्हणजे पंखाच्या कापडाला लावायच्या रोगणाचा वास. पंखावर कापड ताणायचं, पाणी मारून सुकवायचं, मग डोपचे हात मारायचे. पहिला हात लावला की ढिलं कापड हळूहळू आवळत जातं आणि टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. पिकलेल्या केळ्यांचा वास, तोही डोकं उठेपर्यंत. घरी गेलो की बायको अंगणातच थांबवायची. एकदा पावसाळ्यात घाई करून दमट हवेत डोप मारला, तर सगळा पंख पांढरा पडला. बुरशी आल्यासारखा. खरवडून पुन्हा. साहेब काही बोलले नाहीत, नुसते उभे राहून बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

खारी_बिस्किट

स्पॅनरकाका, वेगळा धागा काढाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

उगाच

थोडं अवांतर. मला यातलं सगळ्यात आवडलेलं विमान म्हणजे इंडियानातल्या साउथ बेंडचं 'अरप'. क्लॉइड स्नायडर हा पायांचा डॉक्टर. बुटाच्या टाचेत घालायचा फेल्टचा तुकडा त्याने सहज हवेत भिरकावला आणि तो छान तरंगत गेला. डॉक्टरसाहेबांनी त्याच आकाराचं विमान बांधलं! टाचेसारखं: पुढे गोल, मागे निमुळतं, वेगळे पंखच नाहीत. त्याचा एस-२ हा नमुना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला खरोखर उडाला, आणि चांगला उडाला. नाव 'एअर' आणि 'अप' जोडून केलेलं. आपल्याकडे 'अरूप' म्हणून वाचलं तर त्याहून चपखल.

गिअरची_कुरकुर

सरकारनेही हात घातला होता. १९३३ मध्ये युजीन विडाल हे तिथल्या नागरी हवाई खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं, सातशे डॉलरमध्ये विमान मिळालं पाहिजे. कारखानदार खवळले: सातशेत आम्ही इंजिनही देऊ शकत नाही! स्पर्धेतून निवडलेलं स्टिअरमन-हॅमंड शेवटी तीन हजारांच्या वर गेलं. विडाल यांनी ते किती सोपं आहे हे दाखवायला आपल्या दहा वर्षांच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर चालवायला बसवलं. तो मुलगा पुढे लेखक झाला, गोर विडाल.

पण त्याच खटपटीच्या आसपास फ्रेड वाइक या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फावल्या वेळात बांधलेलं डब्ल्यू-१ महत्त्वाचं. पुढे एक चाक, मागे दोन. आज बहुतेक शिकाऊ विमानं अशीच उभी असतात.

दुपारचा_चहा

हा सगळा धागा काल बाबांना फोनवर वाचून दाखवला. पुष्पकचा भाग दोनदा. स्पॅनरकाका, त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय: "ब्रेक नाहीत ते समजलं. पण मग थांबायचे कसे ते कोणीच लिहिलं नाही."

निवृत्त_स्पॅनर

वडिलांना नमस्कार सांगा. वर्कशॉपचा माणूस बरोबर जागी बोट ठेवतो.

त्या विमानांना शेपटीखाली चाक नव्हतं, स्किड होती. पोलादाची वाकडी पट्टी. वारा समोरून घेऊन उतरायचं, म्हणजे जमिनीचा वेग आधीच कमी. मग शेपूट खाली बसली की स्किड गवतात रुतते, नांगरासारखी, आणि विमान थांबतं. तेव्हा धावपट्ट्या नव्हत्या, मोठी मोकळी कुरणं होती, वारा जिकडून असेल तिकडे तोंड करता यायचं. डांबर आलं तशी स्किड गेली. डांबरावर ती घसरते, ठिणग्या उडतात आणि पट्टी झिजून जाते.

दुपारचा_चहा

सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न: "आणि गवत ओलं असेल तर?"

निवृत्त_स्पॅनर

तर कुंपण.